नाव कंपनीकडं

नळदुर्ग, ३ फेब्रुवारी २०२५

ती. अण्णा,
सा. न. वि. वि.

फोनवर लिहायचं धाडस होईना, म्हणून पत्र. आमच्या शाळेच्या वसतिगृहाच्या पाण्याबद्दल इंटरनेटवर ‘रिकामा तांब्या’ या नावानं फोटो टाकणारी मीच. टाकीत मेलेलं कबूतर निघालं, चार पोरी जुलाबानं लोळागोळा झाल्या. संचालक अमरसिंह यांना तीनदा सांगितलं, ते हसले. आता त्यांनी बदनामीची तक्रार केलीय आणि पोलिसांनी त्या खात्याच्या कंपनीला नाव विचारलंय. कंपनी परदेशातली. ती सांगेल का हो? जेवण जात न्हाय. वहिनींना कळू देऊ नका.

तुमची,
शिवलीला

परंडा, ७ फेब्रुवारी

चि. शिवलीलास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून चुलीत घातलं. लहानपणी खोडी तू काढायचीस आन् मार मी खायचो, ते आठवलं. आमच्या वकीलसाहेबांना दुसऱ्याच कुणाचं म्हणून विचारलं. ते म्हणाले, आपल्या कायद्यानं नाव मागता येतं; पण बाहेरच्या कंपन्या कधी देतात, कधी कोर्टाचा हुकूम मागतात, महिने जातात. तोवर तोंड मिटून राहा. खातं पुसू नकोस, ते आणखी अंगाशी येईल. पोरीबाळींची आई आहेस, हे ध्यानात ठेव.

तुझा,
श्रीशैल

नळदुर्ग, १३ फेब्रुवारी

ती. अण्णा,
सा. न. वि. वि.

भलतंच झालं. पोलिसांनी हुमेराला धरलंय. ती आमच्याच शाळेत शिकवायची. याच पाण्यावरून गेल्या साली भांडून नोकरी सोडली, म्हणून संशय तिच्यावर. सोमवारपासून रोज ठाण्यात बसवून ठेवतात, फोनही काढून घेतलाय. काल तिच्या अम्मी, नसीमबी, बाजारात भेटल्या. हे कोण लिहितं, तुला ठाऊक आहे का, असं त्यांनी हात धरून विचारलं. मी न्हाय म्हणाले. अण्णा, कंपनी नाव देईना म्हणून मी वाचले, आणि त्याच्याचपायी ती अडकलीय. काय करू?

शिवलीला

परंडा, १७ फेब्रुवारी

चि. शिवलीलास,
आशीर्वाद.

पुराव्याशिवाय तिला किती दिवस बसवतील? सुटेल आपोआप. तू हलू नकोस. हे भाऊ म्हणून लिहितोय.

श्रीशैल

नळदुर्ग, २२ फेब्रुवारी

ती. अण्णा,
सा. न. वि. वि.

तुमचं ऐकलं न्हाय. बुधवारी ठाण्यात जाऊन माझं नाव सांगितलं, फोन त्यांच्या टेबलावर ठेवला. साहेबांना आधी खरंच वाटेना. कंपनीचं उत्तर आलेलंच नव्हतं, कदाचित कधीच आलं नसतं. नोकरी गेली, खटला चालेल. आजारी पोरींचे आईबाप मात्र ठाण्यात येऊन, फोटो खरे आहेत म्हणून सह्या करून गेले. काल टाकी धुतली.

हुमेरा सुटली. मी तिच्या घरी गेले. तिनं चहा दिला आणि शांतपणे विचारलं, की नऊ दिवस का लागले. त्याचं उत्तर तुम्हाला देता आलं तर लिहा. रागावलात तरी माया तोडू नका.

तुमची,
शिवलीला