पाच हजारावर थांबलं नाही

३ नोव्हेंबर, सोमवार

मुंबई–कोल्हापूर. डाव्या हाताची बोटं सुजलीत. आज टॉर्चने मारलं. स्टीलचा आहे, जाड. कॅप्टन गुप्ते तो कायम मांडीवर घेऊन बसतात, दिवस असो की अंधार.

माझा गुन्हा काय, तर को-पायलट म्हणून मी स्क्रीन मोठ्याने वाचली. आपण ऑटोपायलटकडे काय मागितलंय ते एका खिडकीत दिसतं. तो प्रत्यक्षात काय करतोय ते वर हिरव्या अक्षरांत येतं. बटण दाबलं म्हणजे काम झालं असं नसतं. हिरवं वाचायचं, दोघांनी, तोंडाने. ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी हेच शिकवतात. मी म्हटलं, "सर, हेडिंग आहे, नॅव्ह नाही लागलं." म्हणजे एफएमएसमध्ये, विमानाच्या संगणकात, रस्ता भरलेला होता, पण विमान त्या रस्त्यावर नव्हतंच, आपलं नाकासमोर चाललेलं. खाडकन बोटांवर. "दिसतं मला. बडबड नको."

दोन मिनिटांनी त्यांनीच गुपचूप नॅव्ह दाबलं. थँक्यू वगैरे विसरा.

५ नोव्हेंबर, बुधवार

सुट्टी. हुपरीला घरी. आई पैंजणाला घुंगरू लावत बसली होती. बोटं बघितली. मी म्हटलं, दारात सापडली. जेवताना आई म्हणाली, "लगीन न करता मार खानारी पोरगी पयल्यांदाच बघाय लागलीया."

हसले. मग इतका राग आला की भाकरी गिळेना. आईचा नाही.

ती म्हणते सोड. सोडून जाऊ कुठे? आणखी वर्षभर तास भरले की डावी सीट, कॅप्टनची. तोवर ह्या भागात दुसरं विमान नाही, दुसरा मालक नाही. मुकाट्याने बसायचं, झालं.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज पुन्हा "आईकडून".

साहेब म्हणजे आमचे मालक. कारखाना, कॉलेजं, जिल्ह्यात शब्द खाली पडत नाही. त्यांच्या आईची समाधी पन्हाळ्याच्या अंगाला, डोंगराखालच्या शेतात. मुंबईहून येताना विमान आधी तिच्यावरून न्यायचं, मगच उजळाईवाडीच्या विमानतळावर उतरायचं. गुप्तेंनी एफएमएसमध्ये त्या जागेचा बिंदूच तयार करून ठेवलाय. नाव 'आई'. साहेब खिडकीतून हात जोडतात. बापू पण जोडतो. बापू म्हणजे साहेबांचा अंगरक्षक, त्याला मान हा अवयव नाही, खांद्यावर थेट डोकं.

माणसाने आईला हात जोडावेत, माझं काही म्हणणं नाही. पण दर खेपेला आणखी खाली. साहेब कॉकपिटच्या दारात येऊन उभे राहतात. "जरा खाली घ्या की कॅप्टन. फुलं वाहिलेली दिसली पायजेत." गुप्ते म्हणतात येस सर. साहेबांना येस सर आणि मला टॉर्च.

उतरल्यावर बोलले. त्या बाजूला पाच हजार फुटांच्या खाली जायचं नाही सर, डोंगर आहे, शिवाय सध्या शेतात उसाचं पाचट पेटवतात, धुराने काही दिसत नाही. त्यांनी माझं मनगट धरून पिरगाळलं. चेहऱ्यावर काही नाही, जणू नळ बंद करतायत. "तुला उडायचंय ना? मग गप्प बस."

मनगट अजून ठणकतंय. मनात मी त्यांना आज निदान दहा वेळा बडवलंय.

१२ नोव्हेंबर, बुधवार

जिवंत आहे. सगळे आहेत. शर्टावर रक्त आहे ते माझं नाही.

उद्या लिहिते.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या मीच म्हणेन असं झालंच नव्हतं.

संध्याकाळ, धूर, खाली सगळं करडं. 'आई'कडे चाललो होतो. पाच हजार मागितलं होतं, विमान त्या उंचीला पोचत आलं आणि नाक उचलायला लागलं. नेमके तेव्हाच साहेब मागून आले, गुप्तेंच्या खांद्यावर हात. "अजून जरा खाली." गुप्तेंनी उंचीचं बटण फिरवून साडेचार केलं. मी ओरडले, पाचच्या खाली नाही सर. का कोण जाणे, ह्या वेळी ऐकलं. कुरकुरले आणि आकडा परत पाच हजारावर आणला.

तिथेच घात झाला. उंची पकडायच्या ऐन क्षणाला बटण फिरवलं की ऑटोपायलट हातातलं काम टाकून देतो. मग नाक जसं आहे तसं धरून चालत राहतो. नाक अजून खालीच होतं. आकडा परत पाचवर येईतो विमान पाचच्या खाली गेलं होतं, म्हणजे आता ते थांबणार कुठेच नव्हतं. खिडकीत ५०००. हिरव्यात 'पिच', म्हणजे नुसता नाकाचा कोन.

गुप्तेंनी खिडकी बघितली, समाधान झालं, आणि साहेबांना बाहेर बोट दाखवायला लागले, ती बघा समाधी.

"पिच, सर. उंची पकडलेली नाही." काही नाही. "पिच, सर, खाली चाललोय." मी हात पुढे नेला. टॉर्च. परत नेला. टॉर्च, ह्या वेळी हाडावर. "पाच हजार लावलंय मी!" जमीन जवळ आली म्हणून विमानाची यंत्रणा ओरडायला लागली, टेरेन, टेरेन. धुरातून झाडं दिसली. एकेक वेगळं झाड.

मग मी मारलं. डावं कोपर, सगळ्या ताकदीनिशी, तोंडावर. नाकाचं हाड मोडल्याचं कोपराला कळलं. ऑटोपायलट तोडला, दोन्ही हातांनी ओढलं, पूर्ण पॉवर. साहेब मागे पॅसेजमध्ये आडवे झाले, बापू त्यांच्यावर. डोंगर पोटाखालून गेला.

उतरवलं मीच. गुप्ते रुमाल नाकाला लावून बसून होते.

हँगरमध्ये साहेबांनी दार लावून घ्यायला सांगितलं. मला विचारलं, "कुनाची चूक?" मी म्हटलं, सर, हिरव्यात पिच होतं. त्यांना एवढंच कळलं की माझी नव्हती. बापूने गुप्तेंना कॉलर धरून ट्रॉलीपाशी नेलं, उजवा हात ट्रॉलीवर दाबला आणि विमानाच्या चाकाखाली लावतात तो लाकडी ठोकळा उचलला.

खोटं कशाला लिहू. पहिला घाव बसला तेव्हा मला बरं वाटलं. पोटातून बरं वाटलं. दुसऱ्याला आवाज ओला आला आणि मी ओरडले, बास. बापूने साहेबांकडे बघितलं. साहेब म्हणाले, "अजून एक."

मग साहेबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "वाचीवलंस पोरी. आता तू डावीकडं बसायचं. टरेनिंग, काय लागंल ते मी बघतो. हे काय, शिडीवरनं पडलं म्हनायचं."

त्यांच्या हाताला अत्तराचा वास होता. "जरा खाली" म्हणताना हाच हात गुप्तेंच्या खांद्यावर होता, हे त्यांच्या गावीही नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

गुप्ते राजारामपुरीतल्या हाडांच्या दवाखान्यात आहेत. खाली रिक्षावाल्यांची भांडणं, वर हे. उजवा हात प्लास्टरमध्ये, नाकावर पट्टी. फळं नेली नाहीत. का गेले तेही माहीत नाही.

म्हणाले, "शिडीवरून पडलो, हे ठरलंय. तू विमान खात्याला काही लिहू नकोस. हात बरा झाला की हैदराबादला एक काम आहे, छोटं जेट. बोलणं झालंय."

हा माणूस परत उडवणार. मी बोलले, सर, तेवढं एक समजून घ्या. ऐन पकडताना बटण फिरलं, काम सुटलं, पिच झालं, खिडकीतला आकडा नुसती आपली इच्छा असते...

"मी पाच हजार लावलं होतं."

"लावलं होतं सर, पण ते..."

त्यांनी मला मारलं. प्लास्टरच्या हाताने, कानशिलावर. मग स्वतःच असे किंचाळले की नर्स धावत आली. मी भिंतीला टेकून उभी, कानात शिट्टी. ते रडत होते, दुखण्याने की कशाने माहीत नाही. नर्स मलाच ओरडली, "पावणं, पेशंटला तरास देऊ नका!"

जिना उतरताना रागाने हसूच आलं. एवढं होऊन ह्याला काही कळलेलं नाही. उद्या ह्याच्या शेजारी दुसरा कोणीतरी बसेल, वाचेल, मार खाईल आणि कदाचित कोपर उचलणार नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

हिशोब सोपा आहे. गप्प बसले तर डावी सीट. साहेब खूश, गुप्ते खूश, बापू दारात सलाम करणार. लिहिलं तर नोकरी गेली, आणि वर विमानात कॅप्टनला मारलं हे स्वतःच्या तोंडाने कबूल, म्हणजे लायसन्सही जाऊ शकतं. मला दुसरं काय येतं? घुंगरूसुद्धा धड लावता येत नाही.

आईला फोन केला. सगळं सांगितलं. तिने विचारलं, "तू मारलंस?" हो. "जोरात?" हो. "मग आता भितीस कुनाला गं?"

आईचं बरं आहे. तिने बापूला बघितलेलं नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

लिहिलं. खात्याला पाठवलं. पिच, टॉर्च, कोपर, ठोकळा, 'जरा खाली', सगळं. माझं कोपर वगळावंसं फार वाटलं. दोनदा खोडलं. मग ठेवलं. ते वगळलं तर बाकीचं कोण खरं मानेल.



२२ नोव्हेंबर, शनिवार

साहेबांचा फोन. वाटलं होतं शिव्या देतील. आवाज बारीक. "मी तुला डावीकडं बसवनार हुतो. तू माझ्या आईला चौकशीत वढलीस. तिचं नाव कागदावर आनलंस." मी म्हटलं, साहेब, ते फक्त एफएमएसमधल्या बिंदूचं नाव आहे. ते म्हणाले, "बिंदू कुनाला म्हनतीस? आई हाय ती माझी."

फोन ठेवला. अर्ध्या तासात बापू आला, भरदुपारी. मी वरून गॅलरीतून बघत होते. माझी स्कूटर त्याने पहारीने फोडली. आधी दिवा, मग आरसे, मग टाकी. घाई नव्हती त्याला. समोर क्लासची पोरं, मेडिकलवाला, सगळे बघत होते, आणि सगळे एकदम मोबाईलमध्ये काहीतरी शोधायला लागले. शेवटी वर बघून म्हणाला, "मॅडम, आज गाडी फोडलीया."

पुढचं बोलला नाही. गरजच नव्हती.

पोलिसात गेले. तिथले हवालदार म्हणाले, "गाडी हाय न्हवं इन्शुरन्सची? मग?" तिथल्या टेबलावर मूठ आपटली. हात पुन्हा सुजला. माझ्या हाताचं नशीबच तसं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आई येऊन राहिली आहे. पिशवीत भाकरी, चटणी आणि चांदीच्या भट्टीवरचा चिमटा. चिमटा उशाशी घेऊन झोपते. मी म्हटलं, ह्याने बापूला काय होणार? म्हणाली, "त्येला न्हाय व्हनार. मला झोप लागंल."

नोकरीवरून काढल्याचं पत्र आलं. कारण लिहिलंय: वर्तणूक.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

विमान खात्याचे चौकशीवाले दोघे कोल्हापुरातच आलेत, सरकारी विश्रामगृहावर. बाहेर लाकडी बाक. तिथे बसून लिहितेय.

गुप्ते आलेत. ते कुणाच्या गाडीतून आले? साहेबांच्या. त्यांचा वकील कोणी दिलाय? साहेबांनी. गाडी बापूच चालवत होता, त्यानेच दार उघडून त्यांना धरून उतरवलं. ज्याने हात मोडला त्याच्याच हाताला धरून हा माणूस पायऱ्या चढला. बघून मला इतकी शिसारी आली की उठून निघून जावंसं वाटलं. वकील आत गेला, बापू बाहेर पानाच्या टपरीवर. बाकावर आम्ही दोघंच. त्यांच्या उजव्या बाजूला मी, सवयीने.

प्लास्टर निघालेलं नाही. पाण्याची बाटली त्यांना एका हाताने उघडेना. दातांनी प्रयत्न करून झाला. मी बघत राहिले. मदत करायची नाही असं पक्कं ठरवलं होतं. मग हिसकावून घेतली, उघडली, दिली. थोडं पाणी त्यांच्या पँटवर सांडलं, मुद्दाम नाही, पण वाईटही वाटलं नाही.

पाणी प्यायले. समोर बघत म्हणाले, "तेव्हा हिरव्यात काय होतं?"

पहिल्यांदाच विचारलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

"पिच."

"मग तू बोलायचंस ना."

"बोलले सर. तीन-चारदा बोलले."

"मला ऐकू नाही आलं."

"तुम्ही मारत होता."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. नाक अजून वाकडंच आहे, मी केलेलं. काहीतरी बोलणार होते, ओठ हलले, तेवढ्यात शिपायाने त्यांचं नाव पुकारलं. उठले. दारात वकील उभा होता, त्याने कानाशी लागून काहीतरी सांगितलं. गुप्तेंनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मागून कळलं नाही.

दार लागलं. आतून आवाज येत नाही. त्यांच्यानंतर मला बोलावणार आहेत.