ट्रेमध्ये हललेलं

आई, तू मला आयुष्यात एकदाच मारलंस, पण असं मारलंस की खालच्या ओठात दात रुतला आणि त्या जखमेची गाठ आजही जिभेला लागते. मी अकरा वर्षांची. नागपूरच्या सरकारी दवाखान्यात तू सिस्टर, मी तुझा डबा घेऊन आलेले. लेबर रूमचा पडदा अर्धवट ओढलेला, गर्भपात उरकून डॉक्टर निघून गेलेले, आणि स्टीलच्या ट्रेमध्ये तळहाताएवढं बाळ. "आई, ते हलतंय गं!" फाडकन थोबाडीत बसली. वेणीला धरून तू मला नळापर्यंत फरफटत नेलंस. "काही हललेलं नाही. बोल!" "नाही हललं." रक्त धुतलंस, मला गेटबाहेर ढकललंस आणि परत आत गेलीस.

आता मी इंग्लंडात, नॉटिंगहॅमला मिडवाइफ आहे. इथे असं बाळ श्वास घेत जन्मलं, तर आम्ही त्याला उबदार गुंडाळतो, आईला हवं असेल तर तिच्या कुशीत देतो, त्याचा श्वास संपेपर्यंत जवळ बसतो. मग जन्म आणि मृत्यू, दोन्हींची नोंद होते. अशा प्रत्येक बाळाला वाचवायची डॉक्टरांवर सक्ती करणारा कायदा यावा का, यावरून गेल्या आठवड्यात स्टाफरूममध्ये जुंपली. एक म्हणे न वाचवणं हा खून, दुसरी म्हणे बळंच वाचवणं हा छळ. माझी पुण्याची मैत्रीण माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "आपल्याकडच्या त्या जुन्या नर्सेस तर कसाई होत्या नुसत्या." तू नर्स होतीस हे तिला कुठे ठाऊक! मी हातातला चहाचा मग नेम धरून तिच्या तोंडावर फेकला. भुवई फाटली, चार टाके पडले. तिनं तक्रारसुद्धा केली नाही गं. ती मॅनेजरनं केली.

सोमवारपर्यंत कारण लिहून द्यायचंय, नाहीतर नोकरी जाईल. "माझ्या आईला कसाई म्हणाली," एवढं एक वाक्य पुरे आहे. पण ते काही केल्या लिहवत नाही, आणि तुला जाऊन इतकी वर्षं झाल्यावर हे लिहीत बसलेय. परत आत जाऊन काय केलंस गं तू? छातीशी धरलंस त्याला, की पाठ फिरवून उभी राहिलीस? तू होतीस तोवर विचारायची हिंमत झाली नाही. तू खरंच उत्तर दिलंस तर, याचीच भीती वाटायची.

हा कागद मी फाडणारच आहे, म्हणून सांगते. कसाई हा शब्द तिच्या तोंडून आला खरा, पण तुझ्यासाठी तो मी अकराव्या वर्षापासून मनात धरून आहे.