काजळीखालचा माणूस

१२ मार्च, दुपार

बाळ्या,

अक्काचे आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. आई बरी आहे, छप्पर शाकारून झालं. तुझ्या पोरी उंच झाल्या असतील. गोडगोड लिहायला मला जमत नाही, म्हणून मुद्द्यावर येते.

चर्चमधली चित्रं साफ करायला शहरातून एक बाई आली आहे. कापसाच्या बोळ्याने दिवसाला वीतभर पुसते. हिला सासू नसणार! ती म्हणते, त्या जुन्या चित्रकाराने गावातलीच माणसं समोर बसवून प्रभूचे शिष्य काढले.

शेवटच्या भोजनाचं चित्र पुसून झालं. आपल्या घराण्याचं पोपटनाक असलेला, थैली धरलेला तो काळा माणूस आहे ना, ज्याच्यावरून गाव आपल्याला 'यहूदाचे' म्हणतं, तो यहूदा नाहीच रे. मेणबत्त्यांची काजळी बसली होती. हातात थैली नाही, भाकर आहे. बाई म्हणाली, "हा पेत्र, प्रभूच्या जवळचा." खरा यहूदा, पैशांच्या थैलीसाठी प्रभूला धरून देणारा, तो पलीकडे बसलाय, गोरागोमटा, आणि हनुवटी थेट गिरणीवाल्याची! 'यहूदाच्या घरात पोरगी देत नाही' म्हणून तुझं लग्न मोडलं, तोच गिरणीवाला. आता भर उन्हात मफलर गुंडाळून प्रार्थनेला येतो. मी पोट धरून हसले. मग रडायलाच आलं.

कापसाच्या बोळ्याचं काम होतं रे. तेवढ्यापायी तू गाव सोडलंस आणि आई जन्मभर चर्चमध्ये खांबाआड बसली. तिथली फरशी मी पुसते, पण मान वर करून नीट बघायची बुद्धी मला झाली नाही.

आईला सांगितलं. तिला आता दिसत नाही. म्हणाली, "माझ्या समाधानासाठी काहीही रचतेस." मी म्हटलं, "शप्पथ!" तर म्हणते, "बाळ्या सांगू दे. तो तोंडावर बोलतो, गोड खोटं त्याला येत नाही."

ती बरी आहे असं वर लिहिलं, ते खरं नाही. खाणं सुटलंय. चमच्याने पाणी पाजते. डॉक्टर नुसती मान हलवून गेले.

गावावर राग धर, माझ्यावर धर, पण ये. आधी चर्चमध्ये जा, चित्र डोळ्यांनी बघ, मग तिच्या कानाशी बसून काय दिसलं ते सांग. तुला यहूदाच दिसला, तर तसं सांग. तुझं ती ऐकेल.

मला थांबता येतं. तिला नाही.

तुझी अक्का