फाटकाच्या आत दीदी

आई, हे लिहायचं मी खूप दिवस टाळून राहिलो होतो. कधी पेन नव्हता, कधी धड खोली नव्हती. भेडाघाटला नावेवर कामाला होतो तेव्हा दोन्ही होतं, पण समोर नर्मदा असली की लिहिणं फालतू वाटतं. तिथले नाववाले पर्यटकांना यमकं जुळवून खडकांची माहिती सांगतात, मीपण ते शिकलो होतो, तुला ऐकवलं असतं तर तू पदर तोंडाला लावून हसली असतीस. असो. बारावीनंतर मी एका जागी टिकलो नाही. लग्नांचे व्हिडिओ काढले, मनालीला हॉटेलात भांडी घासली, नागपूरला काकांच्या दुकानात बसलो आणि तिथूनही निघालो. आणि आता मी पहिलीच्या वर्गाला शिकवून राहिलो. इथे जबलपूरलाच, गोहलपुरात एक लहानशी खाजगी शाळा आहे, तिथल्या मॅडम बाळंतपणाच्या सुट्टीवर गेल्या आणि मोठ्या सरांना ताबडतोब कोणीतरी पाहिजे होतं. त्यांनी विचारलं, "बच्चों को संभाल लोगे?" मी म्हटलं, कोशिश करूंगा. एवढीच मुलाखत.

लिहायला बसलो ते कालच्या गोष्टीमुळे. पहिल्या बाकावर एक मुलगी बसते, पुढचे दात पडलेली, दिवसभर कोणाची ना कोणाची तक्रार घेऊन येणारी. काल मी फळ्यावर लिहीत होतो आणि मागून तिचा आवाज आला, "मम्मी, इसने मेरी रबर छुपा दी." सगळा वर्ग हसला. ती बिचारी बाकाखाली जाऊन बसली. मी न वळताच म्हणून गेलो, "अच्छा, मम्मी को बताओ, किसने छुपाई?" तर पोरं अजून हसली, ती पण हसत बाहेर आली, रबर सापडलं, सगळं एका मिनिटात संपलं. मी खडू हातात घेऊन तसाच उभा राहिलो. इतकं सोपं असतं ते, आई. मला वाटायचं फार कठीण असेल.

तू शिकवायचीस त्या शाळेत बाईंना दीदी म्हणायचं आणि दीदींनी मुलांना भैया नाहीतर बहन म्हणायचं, अशी रीतच होती. "भैया, पंक्ति में आइए." एवढाल्या पोरांना आइए-जाइए. बाकीच्या मुलांना त्यात काही वाटायचं नाही. माझी गोष्ट वेगळी होती, मी तुझ्याच वर्गात होतो. तू सांगून ठेवलं होतंस, फाटकाच्या बाहेर आई, फाटकाच्या आत दीदी. रांझीच्या, बाबांच्या फॅक्टरीच्या क्वार्टरमधून आपण सायकलवर निघायचो, मी मागे कॅरियरवर, तुझ्या पाठीला नाक लावून, तुझ्या साडीला स्टार्चचा वास. शाळेच्या अलीकडच्या वळणावर तू मला उतरवायचीस आणि एकटी पुढे जायचीस, म्हणजे दोघं एकत्र आत शिरलेलं कोणाला दिसायला नको. उरलेल्या त्या तुकड्यात मी कुठेतरी अडकायचोच. पंक्चरवाल्याचं पाण्याचं घमेलं, त्यात ट्यूब दाबली की निघणारे बुडबुडे. फॅक्टरीच्या पहिल्या पाळीला जाणाऱ्या सायकली. एक बकरी होती, तिला कागद खाताना बघत उभा राहायचो. मग प्रार्थना सुरू झालेली असायची आणि दारात तू उभी. "भैया, देर से क्यों आए?" तूच मला उतरवलेलं, तूच विचारायचीस, आणि तोंडावर एक रेघसुद्धा हलायची नाही. मी म्हणायचो, "दीदी, बकरी देख रहा था." वर्ग हसायचा. मग बाहेर उभं राहायचं, सगळ्यांसारखं. संध्याकाळी भाजी चिरता चिरता तू विचारायचीस, "काहून रे, आज उशीर झाला म्हणे तुला?" जणू काही ही बातमी तुला दुसऱ्याच कोणाकडून कळली.

मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. माझ्याकडे दोन बाया होत्या. एक घरी रागवायची आणि नंतर जवळ घ्यायची, दुसरी फक्त रागवायची, पण तिचं अक्षर फार सुंदर होतं. तू पोरांचा हात धरून गिरवून घ्यायचीस, मागून वाकून, तुझा हात त्यांच्या हातावर. शाळेत तू मला हात लावायचीस तो तेवढाच. माझा क कितीतरी दिवस सुधरला नाही. मला येत होता क. तू म्हणायचीस, "इन भैया का क कब सीधा खड़ा होगा?" आणि पुन्हा वाकायचीस.

मग त्या दाराचं झालं. मधल्या सुट्टीत वर्गाच्या दारात माझं बोट सापडलं. तुला आठवत असेलच, नखाखाली रक्त काळं झालं होतं. मी ओरडलो, आई. तू फळा पुसत होतीस. त्याच आठवड्यात एका मुलाने चुकून तुला मम्मी म्हटलं होतं आणि तू हसून "हां बेटा" म्हणाली होतीस, मी ऐकलं होतं. मी आई म्हटलं तेव्हा तुझा हात थांबला. पाठ वळली नाही. मी बोटाचं दुखणं विसरलो, इतका मी तुझ्या पाठीकडे बघत होतो. मग मीच म्हटलं, "दीदी, लग गई." तेव्हा तू वळलीस, धावत आलीस, आणि तुझा चेहरा पांढराफटक होता.

त्या संध्याकाळी तू हळद लावून पट्टी बांधलीस आणि मला मांडीवर घेऊन समजावलंस. तुझे शब्द जसेच्या तसे आठवतात. "हे बघ, बाकी पोरांच्या आया घरी राहतात. त्यांना लागलं तर ते दीदीलाच सांगतात ना? मग तुझीच आई काहून तिथं असावी? बरोबर आहे का ते?" मी सहा वर्षांचा. मी विचार केला आणि म्हटलं, बरोबर नाही. तू म्हणालीस, शहाणा माझा. आणि मग कितीतरी वेळ तू मला खाली ठेवलंच नाहीस, कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या, बाबा स्वयंपाकघरात येऊन म्हणाले, "अगं, डाळीचा लगदा होईल." त्या वेळी मला वाटलं तू माझं बोट बरं करून राहिलीस.

तुझी कावीळ वाढत गेली तेव्हा मी दुसरीत होतो. तुला दवाखान्यात ठेवलं आणि मला शेजारच्या काकूंकडे. मुलांना वॉर्डात येऊ देत नाहीत असं सगळे म्हणायचे. काकू कमानिया गेटवरून खोव्याची जलेबी आणून खाऊ घालायच्या, मला आजही ती जलेबी गोड लागत नाही. मग एक दिवस शाळेच्या मुख्याध्यापिकांनी, बड़ी दीदींनी, ठरवलं की वर्गातल्या थोड्या मुलांना तुला भेटायला न्यायचं. त्यांनी कोणाची तरी परवानगी काढली असेल. आम्ही शाळेतून निघालो, गणवेशात, पंक्ती करून. मी कोणाचा मुलगा आहे हे बड़ी दीदींना माहीत होतं, पण पंक्ती म्हणजे पंक्ती, मी माझ्या जागेवर होतो.

आता मी ते बघतो तर असं दिसतं. तू पलंगावर उशीला टेकून बसली आहेस. डोळे पिवळे. कोणीतरी तुझी वेणी घातली आहे, तू घालतेस तशी नाही. एकेक मूल पुढे जातं, हात जोडतं, "नमस्ते दीदी." तू हात जोडतेस. माझ्या पुढची मुलगी जाते, आणि मी. तू माझ्याकडे बघतेस. मी तुझ्याकडे. बड़ी दीदी उभ्या आहेत, बाकीची मुलं उभी आहेत. हे फाटकाच्या आत आहे की बाहेर, मला कळत नाही, मला ते कोणीच सांगितलेलं नाही. मी म्हणतो, "नमस्ते दीदी." तू म्हणतेस, "नमस्ते भैया. पढ़ाई कर रहे हो?" मी म्हणतो, "जी दीदी." आणि मागचा मुलगा मला ढकलतो, त्याला पुढे यायचं असतं.

बाबा बाहेर बाकावर बसले होते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी तू गेलीस. घरात माणसं भरली आणि जो तो मला जवळ घेऊन एकच म्हणत होता, "बरं झालं, भेट तरी झाली त्याची." आत्या अजून म्हणते, फोनवरसुद्धा. नशीबवान आहेस रे, तुझी भेट झाली. मी हो म्हणतो. कोणाला सांगू, भेट झाली ती दीदीची. आईला मी त्याच्या आधी केव्हा पाहिलं तेच मला आठवत नाही, कारण तेव्हा ते लक्षात ठेवायचं असतं हे माहीत नव्हतं.

मी वाट बघत होतो गं, तू मोडशील तो नियम. तूच केला होतास, तूच मोडायचा होतास. आणि काल तो खडू हातात धरून उभा होतो तेव्हा पहिल्यांदा मनात आलं की कदाचित तूही वाट बघत असशील, मी मोडतो का म्हणून. मी शहाणा झालो होतो, त्याला तूच कारण. मी दीदी म्हटल्यावर तुला बरं वाटलं की तू तुटलीस, एवढंच मला पाहिजे आहे. आम्ही पंक्तीत जिना उतरून गेल्यावर तू काही बोललीस का. मला परत बोलाव म्हणालीस का. त्या वेळी तुझ्याजवळ फक्त बाबा होते.

बाबांना मी कधी विचारलं नाही. ते अजून रांझीतच आहेत, त्याच क्वार्टरमध्ये, पुढच्या वर्षी रिटायर होतील. मी कॉलेज सोडलं तेव्हापासून आमचं बोलणं म्हणजे, जेवला का, हो, ठीक. मी जबलपूरला परत आलो हेच मी त्यांना कळवलं नाही. एका बसच्या अंतरावर राहतो आणि नागपूरला आहे असं त्यांना वाटू देतो. कधी रविवारी त्या बसमध्ये बसतो आणि मधेच उतरून दुसरीकडेच फिरत राहतो.

उद्या त्या मुलीला मी काय...

थांब. खालच्या वेल्डिंगवाल्या चाचांनी हाक मारली. "भैया, नीचे आओ, तुम्हारे अब्बा आए हैं." मी म्हटलं, किसके? ते म्हणाले, "तुम्हारे, और किसके. पूछ रहे हैं, पहली क्लास वाले सर यहीं रहते हैं क्या."

खिडकीतून बघितलं. बाबाच आहेत. फॅक्टरीच्या सुट्टीच्या दिवशीही तोच निळा शर्ट, हेल्मेट हातात, माझ्या जिन्याकडे मान वर करून बघून राहिले. माझ्या कुठल्याच खोलीवर ते आजवर आले नव्हते. कोणी सांगितलं त्यांना, माहीत नाही. चाचांनी त्यांना स्टूल दिलं, ते बसले नाहीत.

आई, बाबांना खोटं बोलता येत नाही. मी विचारलं तर जे झालं तेच सांगतील. मला वेळ मिळाला नाही, हिंमत झाली नाही, असं मी स्वतःला सांगत आलो, पण खरं हे आहे की तू काहीच बोलली नाहीस असं ते म्हणाले तर काय करायचं, ते मला ठाऊक नाही. जिन्यावर पाय वाजून राहिले. दार उघडतो.