हवेऐवजी स्प्रिंगा

पप्पा, तुमची गाडी आता बसत नाही. गेल्या आठवड्यात आडगाव नाक्याजवळच्या गॅरेजमध्ये तिच्या चारही चाकांवरचे हवेचे फुगे काढायला लावले आणि त्या जागी साध्या लोखंडी स्प्रिंगा बसवून घेतल्या. तुम्ही असता तर मला घराबाहेर काढलं असतंत. हवेवर तरंगणारी गाडी अख्ख्या कॉलनीत फक्त आपल्याकडे आहे, हे तुम्ही दूधवाल्यालाही ऐकवायचात. ती तिसऱ्या मालकाकडून घेतलेली आहे, हे मात्र कुणाला कळू दिलं नाहीत. ओझरच्या कारखान्यात सुपरवायझर झालात आणि साहेब दिसायचं म्हणून कुठल्यातरी साहेबाने टाकलेली गाडी उचललीत. रात्रभर फुग्यांतून हवा गळायची आणि सकाळी ती दारात म्हशीसारखी बसलेली असायची. मग इंजिन चालू करून, कंप्रेसरची घुरघुर ऐकत, ती उठण्याची वाट बघत तुम्ही उभे. आत तुमचा चहा निवून जायचा. एवढा धीर तुम्ही घरातल्या एकाही माणसासाठी धरलेला मला आठवत नाही.

देवळ्याला आत्याच्या मुलीचं लग्न होतं, मी कॉलेजात होते. पुढे तुमच्याशेजारी तुमचे साहेब, मागे आई आणि मी. मांडवाच्या दारात गाडी थांबते, फुस्स आवाज होतो आणि आई बसलेली बाजू खाली जाते. पाहुणे बघताहेत. कुणीतरी हसतं. तुम्ही उतरता, आधी साहेबांकडे बघता आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणता, "तरी म्हटलं होतं, तुझ्या वजनाची गाडी नाही ही. उतर आधी!" आई नवी साडी सावरत उतरते. हसतेसुद्धा. संध्याकाळी गाडी तिथेच सोडून तुम्ही साहेबांबरोबर कुणाच्या तरी जीपमधून परत गेलात. जीपमध्ये जागा होती. आम्हाला मात्र भाड्याच्या खुर्च्यांच्या टेम्पोत बसवलंत. "हवा छान येते गं इथं," आई म्हणाली. पुढे गाडी टोचन करून आणली, तेव्हा मेकॅनिकने माझ्यासमोर तुम्हाला सांगितलं, "वजनाचा काय संबंध? रबर कुजलंय." घरी येऊन तुम्ही त्यातलं एक अक्षर काढलं नाहीत. मीच आईला सांगितलं. तिने मान डोलावली आणि त्या दिवसापासून रात्रीचा भात सोडला.

तुम्ही गेल्यावरही तिने गाडी विकू दिली नाही. वर कव्हर घालून ठेवली, अधूनमधून मीच चालवायचे. यंदा तिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. व्यायामाला न्यायचं, तर इतक्या खाली बसलेल्या गाडीतून तिला दोघांनी ओढूनही उठता येईना. शेवटी गॅरेज गाठलं. "मॅडम, कडक होईल हं. प्रत्येक खड्डा कळेल," मेकॅनिक म्हणाला. "कळू दे," म्हटलं.

पहिल्या दिवशी आई सवयीने मागच्या दाराशी गेली. मी पुढचं दार उघडलं. "पुढे? तिथं साहेब बसायचे ना?" म्हणाली, पण बसली. गंगापूर रोडच्या स्पीडब्रेकरवर असा दणका बसला की तिने डॅशबोर्डच धरला. मग तिने हळूच विचारलं, "आता माझ्यामुळे नाही ना बसणार?"

पप्पा, इतक्या वर्षांनी. मी सांगितलेलं रबर तिला पटलंच नव्हतं, तुम्ही सांगितलेलं वजन पटलं होतं. मी गाडी कडेला घेतली आणि म्हणाले, "तुझ्यामुळे ती कधीच बसली नव्हती, आई." तिने डॅशबोर्डवरचा हात काढला. मग म्हणाली, "चल, उशीर होईल."

हे लिहिलेलं मी कुणाला दाखवणार नाही, तुमच्या फोटोसमोरही ठेवणार नाही. तुम्ही माझ्या नजरेतून उतरलात ते उतरलातच. फक्त एक आहे. सिग्नलला शेजारच्या रिक्षातली माणसं गाडीकडे वळून बघायला लागली की मी आईच्या बाजूची काच खाली करते. आत कोण बसलंय, ते त्यांना दिसावं म्हणून.