दम संपताना दिसलेला शिंपला

बुसान, ४ डिसेंबर १९६८
चि. इन्जा हिस अनेक आशीर्वाद.
आई अकरा दिवस जेवली नाही हे वाचल्यापासून माझ्या घशाखाली घास उतरत नाही. जनबोक शिंपल्याची पेज मागतेय, मग कर की गं बाई! इतकी वर्षं समुद्रात बुड्या मारून माझे कान गेले नसते तर मीच बुडी मारली असती. आळशी तर तू जन्माचीच, पण या वेळी काहीही करून आण.
आईला जप.
तुझी ओक्रयोनताई

जेजू बेट, १३ डिसेंबर
ती. ताईस साष्टांग नमस्कार, वि. वि.
ताई, आई परवा गेली. उपाशीच गेली गं.
नऊ तारखेला समुद्र निवला तशी मी उतरले. शेवटच्या बुडीत, दम संपत आला असताना, कपारीत ताटलीएवढा जनबोक दिसला. वर येऊन श्वास घेऊन परत जायचं, हे शेंबडी पोरही जाणते. पण पाणी गढूळ, जागा पुन्हा सापडली नसती तर? घातली शिंपले उचकटायची लोखंडी पट्टी त्याच्याखाली. मेल्याने ती खडकाशी अशी दाबून धरली की हलेना, आणि पट्टीची दोरी मी मूर्खाने मनगटाला दोन वेढे देऊन बांधलेली. नाकातोंडात पाणी गेलं. हात कसा सुटला देव जाणे, कातडी मात्र तिथेच राहिली.
आईने मनगट पाहिलं आणि होतं नव्हतं ते बळ आणून माझ्या थोबाडीत मारली. म्हणाली, दम संपल्यावर दिसतं ते आपलं नसतं, आणि तिची ही भूकही त्यातलीच. पुन्हा उतरणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. नंतर दोन दिवस समुद्र शांत होता, ताई. बायका भरल्या जाळ्या घेऊन दारावरून जात होत्या आणि मी आईचे कोरडे ओठ पुसत बसले. शपथ मोडायला हवी होती का? सांग ना गं, मला वेड लागेल.
तुझी अभागी इन्जा

बुसान, १९ डिसेंबर
चि. इन्जा हिला पोटाशी धरून आशीर्वाद.
आईने भूक आवरली, तू शपथ पाळून हात आवरलास. आवरली नाही ती माझी लेखणी, इथे शेकोटीपाशी बसून. आई उपाशी गेली हे मला जन्मभर खाईल, खाऊ दे. नव्या वर्षाच्या पहिल्या बोटीने निघतेय. पण त्याआधी तुझं पत्र येऊ दे, नाहीतर बोटीत पाय ठेवायचा मला धीर व्हायचा नाही. हात दुखत असेल तर नुसतं नाव लिही.
माझ्यावर रागाव, पण माया तोडू नकोस.
तुझी ताई