सोमेश्वरच्या वळणावरचं गंध

१२ जाने. ९८, सोम.
आज पण गंगेवर, म्हणजे गोदाकाठी पळलो. थंडी मरणाची. रामकुंडावरून सुटायचं, गंगापूर रोडनं सोमेश्वर, वळसा, परत घाटावर. २५ तारखेच्या शर्यतीचा हाच रस्ता. सुटलो झकास. पण आनंदवल्लीजवळ एक जण ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून नदीत जाळं टाकत होता. खालून ओलं होत नाही का? थांबून विचारलं. "व्हतं की," म्हणाला. मग जाळं बघत बसलो. सोमेश्वर राहिलं.
मामा: "भाच्या, आयटीआय सोडलंस. दिंडोरीची द्राक्षबाग सोडलीस. लासलगावला कांद्याच्या गाडीवर आठवडा टिकला नाहीस. हे पळणं कधी सोडतोस?"
मामी: "भिरभिरं आहे ते. वारा आला की फिरतं."
शेवटी ठरलं. पहिल्या पंधरा जणांना शर्यत घेणारे पाटीलसर पुण्याच्या शर्यतीला नेणार. त्यात आलो तर पंचवटीत मामाकडे राहायचं. नाहीतर चांदवड, बापाच्या कांद्यात. एस्टीत मामा स्वतः बसवून देणार.

१४, बुध.
संक्रांत. पळलो नाही. पतंग.
घाटावर एक बाई गुडघाभर पाण्यात, हातात खिडकीची काच. काच पाण्यावर टेकवते, वाकून बघते, लोकांनी टाकलेली नाणी उचलते. नुसतं बघितलं तर पाणी हलतं, काच टेकवली की थांबतं म्हणे. थांबतं म्हणजे? विचारणार तेवढ्यात पतंग कटला, त्याच्यामागं गेलो.

१९, सोम.
सरांनी सगळ्यांना बोलावलं. (सर आधी शाळेत पीटी घ्यायचे. आवाज अजून मैदानावरचाच.) मागच्या वर्षी वळणावर रबरबँड देत होते, तर पोरं घरूनच रबरबँड घालून आली. अर्ध्यांनी सोमेश्वर पाहिलंच नाही. म्हणून यंदा सोमेश्वरचे गुरव वळणावर गंध लावणार. गंध नाही तर नंबर नाही.
मामीला सांगितलं तर हसून हसून खाली बसली. "पंचवटीत गंध? घाटावर ताट घेऊन बसलेले काय कमी आहेत? सांग तुझ्या सरांना, अख्खं रामकुंड पहिलं येईल!"
सरांना कोण सांगणार.

२५, रवि.
शर्यत झाली. नीट लिहितो.
जाताना कुठंच थांबलो नाही. ट्यूबवाला होता, तरी नाही. वळणावर गुरवांनी डाव्या हातानं गंध लावलं. डाव्या? विचारलं. "पळ मुकाट्यानं!" म्हणाले.
परतीला बारा-तेरावा असेन. घाटावर उतरलो. शेवटची कमान समोर दिसत होती. आणि ती बाई, काच घेऊन. ओरडून विचारलं, "पाणी थांबतं म्हणजे काय?"
"इचारतो काय? बघ ये."
फक्त एकदा, म्हणून वाकलो. जवळून दिसेना, कपाळच टेकवलं काचेला. खरंच थांबतं! तळ असा दिसला, जणू पाटावर मांडलाय. एक नाणं, बिल्वपत्र, कुणाची तरी बांगडी...
"माझी काच बरबटवली मुडद्यानं!"
पळालो. चौदावा आलो. चौदावा!!
सर: "गंध?"
"होतं सर."
"होतं म्हणजे?"
काचेचं सांगितलं. सगळे खो-खो. माझ्या मागून आलेल्या एकाच्या कपाळावर ठसठशीत गंध, आणि अंगाला घाम नाही. तो आत, मी बाहेर. मग मी वळणावरचं सगळं सांगत सुटलो. टेबलाचा एक पाय विटेवर होता, पिंपाला निळं झाकण, पिंपाखाली कुत्री, तिची पिल्लं, त्यातलं एक लंगडं.
सर म्हणाले, "पळत होतास का पंचनामा करत होतास? हे कालही बघता आलं असतं."
पण निघताना हळूच म्हणाले, गुरवांनी ओळखलं तर बघू. नावं परवा संध्याकाळी पाठवायचीत.

२६, सोम.
सर झेंडावंदनात. गुरव त्र्यंबकला गेलेले. नुसतं बसवेना म्हणून काचवाल्या बाईकडे गेलो. गंध आहे का काचेवर?
"कव्वाच धुतली. तुझ्या गंधातून पैसे दिसत्यात व्हय?"
मामी एक पिशवी झटकत होती. चांदवडची, मी आलो तेव्हाची.

२७, मंगळ.
सकाळी सरांच्या लुनावर मागं बसून सोमेश्वर. गुरव म्हणाले, "सर, किती कपाळं झाली त्या दिवशी. मी तोंड बघतो होय?" तरी माझी हनुवटी धरली. अंगठा कपाळावर टेकवला, डावाच. डोळे मिटून उभे राहिले. कुत्री येऊन पायाशी हुंगायला लागली. लंगडं पिल्लू मागं.
"घाम लय होता याला."
"घाम सगळ्यांनाच होता," सर म्हणाले.
"एक जण मात्र होता. गंध लावून घेताना मलाच विचारत होता, डाव्या हातानं का म्हणून. बाकी कुणाला कसली पडली होती?"
"तो हाच का?"
"तोंड नाही पाहिलं, सर. खोटं कसं सांगू."
सरांनी माझ्याकडे पाहिलं. हसले का, कळलं नाही, मिशी मोठी आहे. लुनाला पायडल मारलं. "बस."
वाटेत ट्यूबवाला दिसला, त्यानं हात केला.
आता चार वाजलेत. पिशवी दाराशी. मामा दुकानातून लवकर आलाय. यादीत मी आहे की नाही, सरांचा निरोप अजून नाही.
गुरवांना एक विचारायचं राहिलंच. देवाला पण डाव्यानंच लावतात का?